खेळाडू तेच, जागा वेगळ्या

२ एप्रिल २०११ची रात्र तुम्हाला आठवत नसेल, तर घरच्यांनी नक्की शंभरदा सांगितली असेल. वानखेडेवर धोनीचा तो षटकार, आणि समोरच्या टोकाला उभा असलेला युवराज सिंग. त्या वर्ल्ड कपमध्ये ३६२ रन्स, १५ विकेट्स आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू हा मान. वर्ष उलटायच्या आत बातमी आली की त्याच्या छातीत, दोन फुप्फुसांच्या मध्ये, कॅन्सरची गाठ आहे. तो अमेरिकेत इंडियानापोलिसला गेला, डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांच्याकडे त्याच्यावर उपचार झाले आणि सप्टेंबर २०१२ मध्ये तो पुन्हा भारताच्या जर्सीत मैदानात उतरला.

ही गाठ 'जर्म सेल' प्रकारातली होती. अशा गाठींवर जगभर जी केमोथेरपी दिली जाते, तिचा कणा म्हणजे सिसप्लाटिन नावाचं औषध. आता गंमत बघा. हे औषध तुम्ही ओळखता. बारावीच्या केमिस्ट्रीत 'समन्वय संयुगे' नावाचा धडा होता, त्यात एक प्लॅटिनम, दोन अमोनिया आणि दोन क्लोराइड असलेलं संयुग होतं. त्याचे 'सिस' आणि 'ट्रान्स' असे दोन आयसोमर, म्हणजे समघटक, काढून दाखवा, असा प्रश्न असायचा. आपण तो दोन मार्कांसाठी सोडवला आणि पान उलटलं.

त्या दोन मार्कांच्या चित्रात नेमकं काय होतं, ते आज जरा निवांत बघू. कारण त्यातला एक आयसोमर माणूस वाचवतो आणि दुसरा वाचवत नाही. घटक मात्र दोघांचे तेच, आणि तितकेच.

तीन बाटल्या, एकच हिशेब

गोष्ट सुरू होते १८२८ मध्ये. हाइनरिश गुस्ताव मॅग्नस या केमिस्टनं प्लॅटिनमचं क्लोराइड आणि अमोनिया एकत्र आणले आणि त्याला हिरवेगार स्फटिक मिळाले. आजही त्याला 'मॅग्नसचं हिरवं मीठ' असंच म्हणतात. मग १८४४च्या सुमारास मिकेले पेरोने या इटालियन माणसानं याच दोन गोष्टींवर काम करताना पिवळी पावडर मिळवली. त्याच काळात फ्रान्समध्ये ज्यूल रेझे यानं वेगळ्या वाटेनं जाऊन आणखी एक पिवळी पावडर तयार केली.

तिन्हींचं पृथक्करण करा. प्रत्येकात वजनानं सुमारे ६५ टक्के प्लॅटिनम, साधारण साडेतेवीस टक्के क्लोरीन आणि नऊ टक्क्यांच्या आसपास नायट्रोजन. म्हणजे एका प्लॅटिनममागे दोन क्लोराइड आणि दोन अमोनिया. हिशेब तंतोतंत तोच. तरी एक हिरवं, दोन पिवळी. दोन पिवळ्यांचीही विरघळण्याची आणि इतर रसायनांशी वागण्याची तऱ्हा निराळी.

तेव्हाच्या केमिस्टांची अडचण समजून घ्या. त्यांच्याकडे एक्स-रेनं स्फटिकाच्या आत डोकावायची सोय नव्हती. कुठला अणू किती टक्के आहे एवढंच कळायचं. थोडक्यात, वर्गाचा हजेरीपट हातात होता, पण कोण कुठल्या बाकावर, कुणाच्या शेजारी बसलंय हे दिसत नव्हतं. अमोनिया एकामागे एक साखळीसारखे जोडलेले असतात असं मानून डेन्मार्कच्या योर्गेनसननं फार मेहनतीनं उत्तरं मांडली. पण साखळी सगळीकडे पुरी पडेना.

कॅरमचा पट मांडा

१८९३ मध्ये आल्फ्रेड वेर्नर या २६ वर्षांच्या पोरानं वेगळाच पट मांडला. त्याचं म्हणणं असं: धातूचा अणू मध्ये असतो आणि त्याच्याभोवती ठराविक जागा असतात. त्या जागांवर बसणारे रेणू किंवा आयन थेट धातूला धरून असतात. हे आपले लिगंड. उरलेले बाहेर, मोकळे. आपण सूत्रात चौकटी कंस काढतो ना, त्याचा अर्थ एवढाच. कंसात तो घरचा, कंसाबाहेर तो पाहुणा.

आता डोळ्यांसमोर कॅरम बोर्ड आणा. मधोमध प्लॅटिनम, चार बाजूंना चार खुर्च्या. त्यावर दोन अमोनिया आणि दोन क्लोराइड बसवायचेत. किती पद्धती? दोनच. पहिली, दोन्ही क्लोराइड शेजारी-शेजारी. हा सिस, म्हणजे पेरोनेची पावडर. दुसरी, डबल्समधल्या जोडीदारांसारखे क्लोराइड समोरासमोर. हा ट्रान्स, म्हणजे रेझेची पावडर.

वेर्नरनं यावरून काढलेला निष्कर्ष फार देखणा आहे. चार लिगंड जर पिरॅमिडसारख्या चतुष्फलकाच्या टोकांवर असते, तर कुठलीही दोन टोकं एकमेकांची शेजारीच असतात. मग एकच प्रकार मिळाला असता. प्रत्यक्षात बाटल्या दोन आहेत. म्हणजे प्लॅटिनमभोवतीची रचना सपाट, चौरस असली पाहिजे. कुठलंही यंत्र न वापरता, फक्त बाटल्या मोजून त्यानं रेणूचा आकार सांगितला! १९१३ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

आणि हिरवं मीठ? तिथे दोन बोर्ड आहेत. एका बोर्डावर चारही खुर्च्या अमोनियाच्या, दुसऱ्यावर चारही क्लोराइडच्या. पहिल्याला धन भार, दुसऱ्याला ऋण, म्हणून ते एकमेकांना धरून राहतात. दोन्ही बोर्डांचं मिळून गुणोत्तर काढलं की पुन्हा एकास दोन, दोन.

इथे एक फरक नीट लक्षात ठेवा, परीक्षेतही उपयोगी पडेल. सिस आणि ट्रान्समध्ये कोण कुणाला जोडलंय ते तसंच राहतं, फक्त मांडणी बदलते. हा अवकाशीय फरक. हिरव्या मिठात मात्र कोण कुठल्या प्लॅटिनमला जोडलंय हेच बदललं. हा रचनात्मक फरक. पुस्तकात याला 'पॉलिमरायझेशन आयसोमर' म्हणतात. नाव जरा फसवं आहे, कारण यात पॉलिमर वगैरे काही बनत नाही, फक्त सूत्र दुप्पट होतं. काटेकोर बघितलं तर सूत्रच दुप्पट झाल्यामुळे याला खरा आयसोमर म्हणावं का, हाही प्रश्न आहे. पण वर्गीकरणात त्याची जागा पक्की आहे.

रंगाचं तर विचारूच नका. चार अमोनियावाला आयन रंगहीन, चार क्लोराइडवाला लाल. दोघं एकत्र आले की हिरवे! कारण हे सपाट बोर्ड एकावर एक, आलटून-पालटून रचले जातात आणि प्लॅटिनमचे अणू एका रांगेत, जेमतेम सव्वातीन अँगस्ट्रॉमवर येतात. त्याच दोन आयनांचं गुलाबी मीठही मिळतं. त्यात प्लॅटिनम एकमेकांपासून पाच अँगस्ट्रॉमपेक्षाही लांब असतात, म्हणून लाल रंगाची छटा शाबूत राहते.

पत्ता बदलायच्या आणखी तऱ्हा

रचनात्मक समघटकतेचे बाकीचे प्रकार आपण यादी म्हणून पाठ करतो. कॅरमच्या भाषेत ते दोन मिनिटांत उलगडतात.

आयनीकरण समघटक: घरचा आणि पाहुणा जागा बदलतात. प्लॅटिनमभोवती चार अमोनिया आणि दोन क्लोराइड, बाहेर दोन ब्रोमाइड, हा एक. ब्रोमाइड आत आणि क्लोराइड बाहेर, हा दुसरा. दोन्ही पाण्यात विरघळवून सिल्व्हर नायट्रेट टाका. पहिल्यात फिकट पिवळा साका, दुसऱ्यात पांढरा. सिल्व्हरला फक्त बाहेरचे सापडतात, आतल्यांना प्लॅटिनम सोडत नाही.

समन्वय समघटक: दोन वेगळे धातू, आणि लिगंडांची अदलाबदल. अमोनिया तांब्याकडे आणि क्लोराइड प्लॅटिनमकडे, की उलट? पहिलं मीठ जांभळं, दुसरं हिरवं.

जोडणी समघटक: लिगंड तोच, पण त्याला धरायला दोन हात आहेत. थायोसायनेट हा असा दोन हातांचा प्राणी, एका टोकाला गंधक, दुसऱ्याला नायट्रोजन. प्लॅटिनम, पॅलेडियम यांच्यासारखे जड, 'मऊ' स्वभावाचे धातू सहसा गंधकाचा हात धरतात. पण शेजारी कोण बसलंय यावर हेही बदलू शकतं. बर्मायस्टर आणि बासोलो या दोघांनी १९६४च्या सुमारास पॅलेडियमची अशी संयुगं दाखवली, जी गंधकाच्या बाजूनं जोडलेली असतात आणि तापवली की हात बदलून नायट्रोजनच्या बाजूनं जोडली जातात. सूत्रात एका अक्षराचाही फरक नाही.

जागा धरून ठेवणारा धातू

आता एक प्रश्न तुमच्या मनात यायला हवा. हे लिगंड आपल्या जागा आपापसात बदलत का नाहीत? द्रावणात सगळे हलतच असतात. मग सिसचा ट्रान्स आपोआप का होत नाही?

उत्तर धातूत आहे. निकेल, पॅलेडियम, प्लॅटिनम हे पिरियॉडिक टेबलमध्ये एकाखाली एक बसलेले सख्खे भाऊ. निकेलभोवतीचे लिगंड क्षणात ये-जा करतात. त्याचे आयसोमर वेगळे करून बाटलीत भरून ठेवणं अनेकदा जमतच नाही. पॅलेडियमची अदलाबदल प्लॅटिनमपेक्षा साधारण लाखपट वेगानं होते. प्लॅटिनम मात्र खुर्ची धरली की तासन् तास सोडत नाही. पेरोने आणि रेझे यांच्या पावडरी वेगवेगळ्या बाटल्यांत टिकल्या, त्या या हट्टीपणामुळे. आणि हाच हट्टीपणा पुढे औषधाच्या कामी आला. सिसप्लाटिनची हुबेहूब पॅलेडियमवाली प्रत औषध म्हणून निरुपयोगी ठरते. ती पेशीपर्यंत धड पोचायच्या आतच विस्कटते.

जिवाणू लांब झाले आणि...

पेरोनेची पावडर शंभरेक वर्षं फक्त केमिस्टांच्या कौतुकाचा विषय होती. १९६०च्या दशकात मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत बार्नेट रोझेनबर्ग या भौतिकशास्त्राच्या माणसाला एक शंका आली. विभाजन होत असलेल्या पेशीचं चित्र त्याला लोहचुंबकाभोवतीच्या लोखंडाच्या किसासारखं दिसे. मग विजेच्या क्षेत्राचा पेशींवर काही परिणाम होतो का? त्यानं ई. कोलाय जिवाणूंच्या द्रावणातून वीज सोडली. इलेक्ट्रोड प्लॅटिनमचे घेतले, कारण प्लॅटिनम कशातच भाग घेत नाही असा सर्वांचाच समज.

जिवाणू मेले नाहीत. ते विभागायचे थांबले आणि नुसते वाढत सुटले, नेहमीच्या लांबीच्या ३०० पटींपर्यंत! वीज बंद केली तरी परिणाम राहिला. हळूहळू उलगडलं की इलेक्ट्रोडचं प्लॅटिनम किंचित विरघळत होतं आणि द्रावणातल्या अमोनियम क्लोराइडशी मिळून, प्रकाशाच्या मदतीनं, संयुगं बनवत होतं. १९६५ मध्ये 'नेचर'मध्ये हे छापून आलं. मग साहजिक पुढचा विचार: पेशींचं विभाजन थांबवणारी गोष्ट कॅन्सरवर चालेल का? उंदरांवरच्या प्रयोगांत गाठी विरल्या, आणि १९६९ मध्ये त्याचाही पेपर आला. काम करत होता सिस. ट्रान्सचा गाठींवर तसा परिणाम दिसला नाही.

असं का? रक्तात क्लोराइड भरपूर असतं, म्हणून तिथे सिसप्लाटिनचे क्लोराइड जागेवर राहतात. पेशीच्या आत क्लोराइड कित्येक पटींनी कमी. तिथे पाणी येऊन क्लोराइडची खुर्ची घेतं, आणि पाण्याला उठवून डीएनएमधला ग्वानिन ती जागा पटकावतो. एक खुर्ची गेली. शेजारची दुसरी खुर्चीही मोकळी होत असते, आणि डीएनएच्या त्याच धाग्यावर अगदी लगतचा ग्वानिन तिथे बसतो. दोन शेजारी ग्वानिन एकाच प्लॅटिनमनं बांधले गेले की डीएनएची शिडी तिथे वाकते. पेशीला नीट प्रत काढता येत नाही, दुरुस्ती जमली नाही तर ती स्वतःला संपवते. ट्रान्समध्ये मोकळ्या होणाऱ्या खुर्च्या समोरासमोर आहेत. लगतच्या दोन ग्वानिनांना तिथून असं पकडताच येत नाही. शेजारी आणि समोर, एवढाच फरक.

१९७८ मध्ये अमेरिकेत सिसप्लाटिनला मंजुरी मिळाली. त्याआधी वृषणाचा कॅन्सर शरीरात पसरला की बहुतेक रुग्ण दगावत. आइनहॉर्न यांनी १९७४ मध्ये सिसप्लाटिन इतर औषधांबरोबर द्यायला सुरुवात केली, आणि आज पसरलेल्या अवस्थेतलेही सुमारे ८० टक्के रुग्ण बरे होतात. लान्स आर्मस्ट्राँगचा कॅन्सर १९९६ मध्ये फुप्फुसं आणि मेंदूपर्यंत गेला होता. त्यालाही सिसप्लाटिनवर आधारलेलीच केमोथेरपी मिळाली.

हे औषध सोपं नाही, हेही सांगायला हवं. मूत्रपिंडांवर ताण, भयंकर मळमळ, काहींना कायमचं कमी ऐकू येणं. म्हणूनच पुढे कार्बोप्लाटिन आणि ऑक्झॅलिप्लाटिन ही भावंडं आली. त्यांच्यातही प्लॅटिनमला धरणारे दोन नायट्रोजन शेजारी-शेजारीच आहेत.

हवा तोच आयसोमर कसा बनवायचा?

इथे प्लॅटिनमचा आणखी एक स्वभाव कामाला येतो. क्लोराइड आपल्या समोरच्या खुर्चीवरच्याला अमोनियापेक्षा जास्त सैल करतो. याला 'ट्रान्स परिणाम' म्हणतात. चार क्लोराइडपासून सुरुवात करा. पहिला अमोनिया कुठेही बसेल. आता दुसऱ्यासाठी कोण उठणार? ज्याच्या समोर क्लोराइड आहे तो जास्त सैल, म्हणून तो. झाला सिस! उलट चार अमोनियापासून सुरुवात केली तर पहिला क्लोराइड बसल्यावर त्याच्या समोरचाच अमोनिया उठतो. झाला ट्रान्स. आणि हे दोन कच्चे माल नुसते एकत्र ओतले तर? मॅग्नसचं हिरवं मीठ.

सिसप्लाटिन बनवताना हेच हिरवं मीठ भेसळ म्हणून त्रास द्यायचं. त्यावरचा जगभर वापरला जाणारा उपाय आला एका भारतीय जर्नलमधून. एस. सी. धारा यांनी १९७० मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ केमिस्ट्री'त एक झटपट पद्धत दिली. आधी क्लोराइड काढून चारही खुर्च्यांवर आयोडाइड बसवायचे. आयोडाइड समोरच्याला क्लोराइडपेक्षाही जोरात ढकलतो, म्हणून दोन अमोनिया चोख शेजारी-शेजारीच बसतात. मग सिल्व्हर नायट्रेटनं आयोडाइड काढायचे आणि शेवटी क्लोराइड परत आणायचे. सिसप्लाटिन बनवण्याबद्दल वाचायला लागलात की 'धारा पद्धत' भेटतेच.

बनलेली पावडर सिस आहे की ट्रान्स, हे कसं ओळखायचं? रशियाच्या कुर्नाकोवनं १८९०च्या दशकातच युक्ती दिली होती: थायोयुरिया टाका. थायोयुरिया समोरच्याला जबर ढकलतो. सिसमध्ये क्लोराइडच्या जागी तो बसला की समोर अमोनिया असतो, तोही उठतो. चारही जागा थायोयुरियाच्या आणि रंग पिवळा. ट्रान्समध्ये दोन थायोयुरिया एकमेकांसमोरच येतात, अमोनिया जागचे हलत नाहीत. पांढरं, फारसं न विरघळणारं संयुग मिळतं. एक टेस्ट ट्यूब, आणि बसण्याची व्यवस्था उघड.

आता तुमच्या लॅबमध्ये

बायोटेक किंवा मायक्रोबायोलॉजी करत असाल तर हे खास तुमच्यासाठी. पेशींवर औषधं तपासताना ती डीएमएसओत विरघळवायची सवय सगळीकडे असते. सिसप्लाटिनला हे चालत नाही. डीएमएसओमधलं गंधक क्लोराइडची खुर्ची बळकावतं आणि तुमच्या ट्यूबमध्ये सिसप्लाटिन उरतच नाही. लेबल तेच, आत भलतंच. तरीही असे प्रयोग इतके छापले गेले की २०१४ मध्ये 'कॅन्सर रिसर्च'मध्ये संशोधकांना 'डीएमएसओला नाही म्हणा' अशा अर्थाच्या मथळ्याचा पेपर लिहावा लागला. सलाइनमध्ये विरघळवा. त्यातलं क्लोराइड खुर्च्या राखून ठेवतं.

केमिस्ट्रीवाल्यांना प्लॅटिनम परवडणार नाही, पण हेच नाटक क्रोमियम दाखवतो. कॉलेजच्या कपाटात क्रोमियम क्लोराइडची गडद हिरवी बाटली असते. ताजं द्रावण करा, सरांना किंवा मॅडमना विचारून थंड सिल्व्हर नायट्रेट घाला. तीन क्लोराइडपैकी एकच पटकन साक्यात येतो, कारण दोन आत आहेत. दुसरं द्रावण काही दिवस तसंच ठेवा. पाणी हळूहळू आत शिरतं, क्लोराइड बाहेर पडतात आणि रंग जांभळ्याकडे झुकतो. हायड्रेट समघटकता डोळ्यांदेखत.

एक शेवटचं, केमिस्ट्रीच्या बाहेरचं. वृषणाचा कॅन्सर भारतात तुलनेनं कमी, पण होतो तो बहुधा पंधरा ते पस्तिशीच्या मुलांना, म्हणजे तुमच्याच वयात. न दुखणारी गाठ किंवा सूज जाणवली तर लाजून महिनोन् महिने गप्प बसू नका, डॉक्टरांकडे जा. औषध आपल्याकडे आहे. त्याचे क्लोराइड शेजारी-शेजारी बसलेत, आणि आता ते कशासाठी हे तुम्हाला माहीत आहे.